न्यायासन सोडणारा वकील : दादासाहेब खापर्डे

१८९० साली वऱ्हाडातील पस्तिशीच्या एका अधिकाऱ्याने सरकारी नोकरी सोडली आणि अमरावतीस वकिली मांडली. काल ज्या न्यायासनावरून निकाल दिले, त्याच्यासमोर आता पक्षकारासाठी उभे राहायचे होते. हे गृहस्थ म्हणजे गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे.

ही उडी समजण्यासाठी तेव्हाचा वऱ्हाड पाहावा लागतो. चिखली, मलकापूर, मेहकर या तालुक्यांच्या बुलढाणा जिल्ह्यापासून अमरावतीपर्यंतचा हा मुलूख १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या हाती आला, पण कागदोपत्री मालक निजामच राहिला. मुंबई हायकोर्टाचा अधिकार येथे नव्हता. खालच्या पातळीवर तर महसूल वसूल करणारा आणि फौजदारी गुन्ह्यात शिक्षा सुनावणारा अधिकारी पुष्कळदा एकच असे. फिर्याद सरकारची, तपास सरकारच्या पोलिसांचा, निकालही सरकारी नोकराचाच! ही कामे वेगळी करा, अशी मागणी काँग्रेसने १८८६ पासून लावून धरली होती.

खापर्डे या यंत्रणेचाच भाग होते. १८८४ साली कायद्याची पदवी घेतल्यावर १८८५ ते १८९० या काळात त्यांनी मुन्सफ आणि असिस्टंट कमिशनर म्हणून काम केले. अशी सुरक्षित नोकरी त्या काळी सहसा कोणी सोडत नसे.

अमरावतीच्या वकीलवर्गात रंगनाथ मुधोळकर, मोरोपंत जोशी अशी मातब्बर माणसे होती. पुढे राजकारणात ती नेमस्त, तर खापर्डे जहाल. (वकिली हा वऱ्हाडी सुशिक्षितांचा आश्रयच होता. ‘सुदाम्याचे पोहे’कार श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीही खामगाव, जळगाव-जामोद येथे वकिली केली.) हजरजबाबी वक्तृत्व आणि थाटाची राहणी यांमुळे खापर्ड्यांना लोक ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणू लागले. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष तेच होते. त्या वेळी त्यांचे स्नेही टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते.

खरी कसोटी १९०८ साली लागली. टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली. हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. वकिलीतून न्यायासनाकडे जाणारी वाट ही अशी. खापर्डे मात्र उलट दिशेने आलेले. अपिलासाठी ते त्याच ऑगस्टमध्ये विलायतेस निघाले. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगी नाकारली, तरी ते लगेच परतले नाहीत. खटपट करीत राहिले. इकडे नोकरी सोडून जमविलेली वकिली दोन वर्षांहून अधिक काळ बंद होती.

१९१० साली ते मायदेशी आले तेव्हा टिळकांच्या शिक्षेची सुमारे चार वर्षे उरली होती. त्याच डिसेंबरात खापर्डे शिर्डीस गेले. तेथील मुक्कामांची त्यांची रोजनिशी आजही वाचली जाते.