ट्यूब डॅकमधली ट्यूब नेमकं काय करते?

हेडफोनवाल्या मंडळींमध्ये 'ट्यूब डॅक' हा शब्द फार लाडाचा आहे. डॅक म्हणजे डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर, फाइलमधले गाण्याचे आकडे घेऊन त्याचं व्होल्टेज करून देणारी वस्तू. ती तुमच्या लॅपटॉपमध्येही असते, पण शौकीन लोक ती वेगळ्या डबीत विकत घेतात. आणि ट्यूब म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजेच जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह. (आपली 'ट्यूब पेटते' ती वेगळी. पण हिलाही पेटायला अर्धं-एक मिनिट लागतंच.) डबीच्या डोक्यावर एक-दोन काचेच्या नळ्या, आत नारिंगी उजेड, रात्रीचे अकरा, हेडफोन कानावर... मजा येते, ह्यात वाद नाही.

वाद आहे तो नावात. अशी डबी उघडून बघा. आकड्यांचं व्होल्टेज करायचं काम एक नखाएवढी चिप करते. तिच्यातून सिग्नल बाहेर पडला की मग तो ट्यूबमधून जातो, थोडा वाढतो किंवा नुसताच पुढे ढकलला जातो. म्हणजे 'ट्यूब डॅक'मधल्या ट्यूबने आयुष्यात एकही बिट पाहिलेला नसतो! नळावर पितळी तोटी बसवली म्हणून आख्ख्या पाइपलाइनला पितळी म्हणावं, तसलाच हा प्रकार.

पण गंमत अशी की खराखुरा ट्यूब डॅक एकेकाळी होता, आणि तो गाणी ऐकण्यासाठी नव्हता.

गोष्ट सुरू होते अॅलेक रीव्ह्ज ह्या इंग्रज इंजिनिअरपासून. १९३० च्या दशकात तो पॅरिसला आयटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. तेव्हा लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर ठरावीक अंतराने ट्यूबचे अॅम्प्लिफायर बसवत. प्रत्येक अॅम्प्लिफायर आवाज वाढवायचा, सोबत आधीची खरखरही वाढवायचा आणि वर स्वतःची भर घालायचा. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की शेवटी जे होतं, ते. रीव्ह्जने म्हटलं, आवाज पाठवूच नका, त्याचे आकडे पाठवा. पल्स आहे की नाही एवढंच वाटेत ओळखायचं आणि नवी कोरी पल्स पुढे पाठवायची, खरखर तिथल्या तिथे गळून पडते. १९३८ सालचं त्याचं हे फ्रेंच पेटंट म्हणजे पल्स कोड मॉड्युलेशन. आपल्या सीडीमधलं आणि .वाव फाइलमधलं पीसीएम ते हेच. म्हणजे डिजिटल ऑडिओचा जन्मच मुळी ट्यूबच्या घाणीवरचा उपाय म्हणून झाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण ह्या उपायासाठी लागणारी सर्किट बनवायला तेव्हा ट्यूबशिवाय होतं काय? एका टेलिफोन लाइनसाठी इतक्या ट्यूब लागल्या असत्या की कोणत्याही कंपनीने हात जोडले असते. पैशाचा विचार न करणारं गिऱ्हाईक हवं होतं. ते महायुद्धाने दिलं.

लंडन-वॉशिंग्टन रेडिओ-टेलिफोनवर तेव्हा ए-३ नावाचा स्क्रॅम्बलर वापरत. तो आवाजाचे फ्रीक्वेन्सीचे पट्टे आलटून-पालटून टाकायचा. सगळं अॅनालॉग, आणि जर्मनांनी तो फोडला होता. मग बेल लॅब्जने सिगसॅली नावाचं यंत्र उभं केलं. १५ जुलै १९४३ ला ते वॉशिंग्टन आणि लंडन ह्यांच्यामध्ये सुरू झालं. एका टोकाच्या यंत्राला ४० रॅक, वजन सुमारे ५० टन, वीज ३० किलोवॅट. लंडनमधलं यंत्र ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस ह्या बड्या दुकानाच्या तळघरात होतं. चर्चिलच्या भूमिगत कचेरीत तिथून जोडलेला फोन एका चिमुकल्या खोलीत होता, आणि खोलीच्या दाराला संडासाचं कुलूप होतं, म्हणजे कुणाला शंका यायला नको.

हे यंत्र बोलणाऱ्याचा आवाज १० पट्ट्यांत विभागायचं, प्रत्येक पट्टीतला जोर सेकंदाला ५० वेळा मोजायचं आणि ० ते ५ ह्या सहांपैकी एक आकडा द्यायचं. स्वराच्या उंचीसाठी आणखी दोन आकडे. मिळून १२. आजच्या हिशेबाने साधारण दीड हजार बिट प्रति सेकंद, म्हणजे आपल्या १२८ केबीपीएसच्या एमपी३ च्या ऐंशी पटींहून कमी. ह्या आकड्यांत एक गुप्त आकडा मिसळायचा, पाचाच्या वर गेला की पुन्हा शून्यापासून (आपलं नेहमीचं मॉड्युलो). पलीकडे तोच गुप्त आकडा वजा करायचा, उरलेल्या आकड्याचं व्होल्टेज करायचं आणि व्होल्टेजवरून आवाज पुन्हा रचायचा. हे सगळं काम ट्यूबचं. बाहेर पडणारा आवाज यांत्रिक आणि भुतासारखा असायचा, जेमतेम समजण्यापुरता.

आता ते गुप्त आकडे आणायचे कुठून? ते पूर्णपणे रँडम हवेत. तर मर्क्युरी-व्हेपरच्या ट्यूब घेतल्या, त्यांची स्वतःची खरखर मोजली आणि ती रेकॉर्डवर छापली. एका रेकॉर्डवर साधारण १२ मिनिटांची खरखर. एक रेकॉर्ड लंडनला, तिची जुळी वॉशिंग्टनला. दोन्ही टर्नटेबल अगदी एका लयीत फिरवायची आणि वापर झाला की रेकॉर्ड नष्ट. जगातलं सगळ्यात मौल्यवान संगीत त्या वर्षी बहुधा हेच असेल, निव्वळ खरखर! रीव्ह्ज ज्या घाणीपासून पळत होता तीच इथे तिजोरीची किल्ली झाली. १९७६ पर्यंत ह्या यंत्राची माहितीच गुप्त होती.

सिगसॅली तपासायला ब्रिटिशांनी १९४३ च्या सुरुवातीला अॅलन ट्युरिंगला बेल लॅब्जमध्ये पाठवलं होतं. तिथेच क्लॉड शॅननही होता. दोघं चहाला भेटायचे. ह्याच शॅननच्या नावावर माझ्या सगळ्यात आवडीचा डॅक आहे.

युद्धानंतर बेल लॅब्जने साध्या टेलिफोनसाठी पीसीएमचा प्रयोग केला. तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. ७ बिट, सेकंदाला ८,००० नमुने. ७ बिटांचा आकडा व्होल्टेजमध्ये बदलायचा म्हणजे प्रत्येक बिटाचं वजन वेगळं धरायला हवं: १, २, ४, ८ करत ६४ पर्यंत. त्यासाठी नेमक्या मापाच्या रेझिस्टरांची माळ लागते. शॅननची युक्ती बघा. बिट एकामागून एक येतात, सर्वांत हलका आधी. प्रत्येक '१' ला कपॅसिटरमध्ये तेवढाच चार्ज टाकायचा, वजन वगैरे बघायचंच नाही. फक्त कपॅसिटर आणि रेझिस्टर असे निवडायचे की दोन बिटांच्या मधल्या वेळात व्होल्टेज बरोब्बर निम्मं व्हावं. पहिला आलेला बिट शेवटपर्यंत सहा वेळा निम्मा होतो, म्हणजे एक चौसष्टांश उरतो. शेवटचा पूर्ण राहतो. वजनं आपोआप! गळकं भांडं हाच कॅल्क्युलेटर. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे आपल्याला कुणी शिकवत नाही.

अडचण एकच. भांडं सतत गळतंय, त्यामुळे वाचायच्या क्षणात जरा मागे-पुढे झालं की आकडा चुकतो. बेल लॅब्जच्याच रॅकने त्यात एक हेलकावणारं सर्किट जोडलं, त्यामुळे वाचायच्या क्षणी व्होल्टेज जवळपास सपाट राहू लागलं. ऑडिओवाले आज 'जिटर, जिटर' म्हणून जी बोंब ठोकतात, त्यावरचा हा १९४८ सालचा इलाज. ह्याला शॅनन-रॅक डिकोडर म्हणतात, आणि तो चालवणारी सर्किट ट्यूबची होती. ट्यूब डॅक ह्या नावावर खरा हक्क ह्याचा.

पुढचं पटकन सांगतो. १९५४ साली अमेरिकेतल्या एप्स्को कंपनीने डॅट्रॅक नावाचा ११ बिटांचा कन्व्हर्टर विकायला काढला. तो उलट दिशेचा, पण अंदाज पडताळायला त्याच्या पोटात डॅक होताच. वजन सुमारे ६८ किलो, वीज ५०० वॅट. ट्रान्झिस्टर १९४७ सालीच जन्मला होता. बेलची टी-१ टेलिफोन यंत्रणा १९६२ ला आली ती ट्रान्झिस्टरवरच. तिथून पुढे ट्यूबने आकड्यांना हात लावायचं कारण उरलं नाही. आणि लावूही नये! १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. ट्यूब तापते, म्हातारी होते, तिचं वर्तन ह्याच्या कितीतरी पटींनी हलतं.

मग ती परत आली कशी? १ ऑक्टोबर १९८२ ला जपानात सोनीचा सीडीपी-१०१ विकायला आला आणि थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या: आवाज कोरडा आहे, टोचतो. कारणं खरी होती. २० ते २२ किलोहर्ट्झच्या चिंचोळ्या जागेत आवाज तोडणारे कडक फिल्टर, चिपनंतरचे बेताचे ऑप-अॅम्प, आणि एलपीसाठी मुद्दाम तिखट केलेल्या मास्टर टेप तशाच सीडीवर. (मला विचाराल तर शेवटचं कारण सगळ्यात मोठं.) १९८० च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्निया ऑडिओ लॅब्जने टेम्पेस्ट नावाचा प्लेअर आणला, ज्यात चिपनंतर ट्यूब होत्या. ट्यूबने कडक फिल्टर काढला नाही की मास्टर बदलली नाही. तिने त्यावर साय धरली. आजचा प्रत्येक ट्यूब डॅक ह्याच खानदानातला. म्हणजे जी घाण टाळायला पीसीएम जन्मलं, ती पीसीएमच्या शेपटाला पैसे देऊन परत जोडली गेली.

ही साय काय असते, ते सांगायला इंग्रजीतल्या 'वॉर्म'पेक्षा आपला तानपुरा बरा. एकट्या ट्रायोडमधून एक स्वर गेला की मुख्यतः दुसरा हार्मोनिक मिसळतो, म्हणजे दुप्पट फ्रीक्वेन्सी. मध्य सप्तकातला 'सा' गेला तर हलका तार 'सा' सोबत येतो. त्याहून हलका तिसरा येतो, तो तार सप्तकातला पंचम. सगळे सुरातले पाहुणे! म्हणून कान ह्याला बिघाड न म्हणता 'भरीवपणा' म्हणतो. ०.१ टक्का बिघाड म्हणजे मूळ स्वराच्या ६० डेसिबल खाली, १६ बिटांची पातळी आहे ९६ डेसिबल खाली. मोजमापात हा तोटाच आहे.

पण दोन स्वर एकदम आले की पाहुणे बिघडतात. तानपुऱ्याचा सा २४० हर्ट्झ धरा, गाणारा कोमल रिषभावर २५६ ला. दोन्हींची बेरीज ४९६. तार सा ४८० ला आणि तार कोमल रे ५१२ ला, हा मधलाच कुणीतरी, कुठल्याच रागात नसलेला. म्हणून ट्यूबवर एकटा गळा लोण्यासारखा लागतो आणि मोठा ऑर्केस्ट्रा जरा गढूळ. त्यात १९५३ च्या 'अनारकली'सारखी सी. रामचंद्रांची गाणी ऐकत असाल, तर त्या काळातली यंत्रं व्हॉल्व्हचीच. ती साय रेकॉर्डिंगमध्ये आधीच आहे, तुम्ही दुसरी चढवताय.

हेडफोनवर हे जास्त जाणवतं, कारण मध्ये खोली नाही, पंखा नाही. ट्यूबची फुस्स ऐकू येते. डबीला टिचकी मारली तर कानात 'टिंग' होतं. शिवाय १२एयू७ सारख्या ट्यूबचा आउटपुट इम्पिडन्स काही शे ओहम. तिने थेट ३२ ओहमचा हेडफोन चालणं कठीण, म्हणून पुढे पुन्हा ट्रान्झिस्टर किंवा चिप. असं हे सँडविच. स्वस्तातल्या डब्यांत तर शंभर-दोनशे व्होल्टसाठी बनलेली ट्यूब १२-२४ व्होल्टवर चालवतात, आणि नारिंगी उजेड खालच्या एलईडीचा असतो. घेण्याआधी दोनच गोष्टी विचारा: ट्यूबला व्होल्टेज किती मिळतं, आणि ट्यूब बायपास करायचं बटण आहे का. बटण असेल तर दोन्हीकडचा आवाज सारख्या पातळीला आणून ऐका, कारण जो किंचित मोठा असतो तोच नेहमी गोड वाटतो. त्यानंतरही ट्यूब आवडली तर खुशाल घ्या. मला आवडते, आणि ती काय करते हे कळल्यावर जास्त आवडते. फक्त तिला डॅक म्हणू नका.

ट्यूब मिळतात कुठे, हा प्रश्न राहिला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले होते, जुन्या बाजारात त्यांचे खोके अजून दिसतात. शौकिनांची आवडती ६डीजे८ १९५० च्या दशकाच्या शेवटी टीव्हीच्या ट्यूनरसाठी आली होती, संगीतासाठी नव्हे. आजचे मोठे कारखाने रशियातलं सारातोव्ह, स्लोव्हाकिया आणि चीन इथले. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी आणली तेव्हा बाजारात एकच घबराट उडाली, आणि ओरडा सगळ्यात जास्त गिटारवाल्यांनी केला. कारण हे कारखाने चालतात ते त्यांच्या अॅम्प्लिफायरवर. आपण हेडफोनवाले त्यांच्या पंगतीत शेवटच्या पाटावर बसलेलो.