लपलेल्या दिव्याचा रोख

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघाले की लोहारा लागते. गावाच्या नावातच लोहार आहे आणि परिसरात आज औद्योगिक वसाहत आहे. या वसाहतीजवळच्या एका गॅरेजात, आमच्या वाहनाच्या किरकोळ दुरुस्तीपायी, मध्यंतरी आम्हांला तासभर बसावे लागले. दिवस मावळत होता. मिस्त्रींनी एक जुनी जीप सपाट जागी, भिंतीला तोंड करून उभी केली. चारही चाकांतली हवा तपासली. मग भिंतीवर खडूने एक आडवी आणि दोन उभ्या रेघा ओढून ते पेचकस घेऊन दिव्यापाशी बसले. आमचे कुतूहल पाहून म्हणाले, "फोकस सेट करतो सर. समोरच्याच्या डोयात लाइट गेला, त थो सीधा आपल्याच अंगावर येते ना."

मोटारीच्या दिव्यांच्या इतिहासावर आम्ही जे काही वाचले आहे, त्याचे सार या एका वाक्यात यावे याचे आम्हांला नवल वाटले. दिवा आपल्याला दिसावे म्हणून असतो, हे कुणालाही कळते. तो समोरच्याला आंधळा करू नये, ही दुसरी अट मात्र सहज विसरली जाते. या दुसऱ्या अटीची सर्वांत कठीण परीक्षा ज्या दिव्यांनी दिली, ते म्हणजे काही जुन्या स्पोर्ट्‌स कारमधील फिरते, लपणारे दिवे. दारव्हा रस्त्यावर असली गाडी आम्ही कधी पाहिलेली नाही. परंतु मिस्त्रींच्या खडूच्या रेघा पाहताना आम्हांला आठवण झाली ती त्यांचीच.

दिवा लपवण्याची कल्पना आली ती अमेरिकेतून. १९३५च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात 'कॉर्ड ८१०' ही मोटार लोकांपुढे आली. तिचे रेखाटन गॉर्डन ब्यूरिग यांचे. त्या काळी मोटारीचे दिवे मडगार्डांवर वा रेडिएटरच्या बाजूंना, कंदील टांगावेत तसे बसवीत. ब्यूरिग यांनी ते मडगार्डांच्या पोटात दडवले. त्यासाठी स्टिन्सन विमानांच्या, धावपट्टीवर उतरताना लागणाऱ्या दिव्यांचा आधार घेतला. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हातदांडे होते. प्रत्येक दांडा आपल्या बाजूचा दिवा वर आणी. म्हणजे अंधार पडल्यावर चालकाने एक दिवा फिरवून काढायचा आणि दुसऱ्यासाठी शेजाऱ्याला विनवायचे किंवा स्वतःच हात लांब करायचा. दोन्ही दिवे सारखेच वर आले आहेत की नाही, हे पाहण्याची जबाबदारी माणसाच्या हाताची. १९३७मध्ये ही मोटार बंद झाली, पण कल्पना टिकली.

त्यानंतरच्या काळात दिव्याचा आकार अमेरिकेत नियमाने बांधला गेला. १९४०पासून तेथे सात इंच व्यासाचा गोल 'सील्ड बीम' दिवा प्रमाण ठरला. काच, परावर्तक आणि तार अशी त्याची एकच बंद कुपी असे. सोय मोठी होती, कारण कोणत्याही गावात तोच दिवा मिळे. मात्र आरेखनकारांची कोंडी झाली. वाऱ्याला कापत जाणारे, बसके, अणकुचीदार नाक काढावे, तर त्यावर ताटलीएवढे दोन गोल डोळे बसवायचे कुठे? नियम मोडता येत नव्हता आणि आकारही सोडवत नव्हता. तेव्हा दिवसा डोळे मिटून घेणे, हाच मार्ग उरला.

साठच्या दशकात हा मार्ग अनेकांनी आपापल्या परीने चोखाळला. १९६२च्या 'लोटस एलान'ने इंजिनातील निर्वात दाबाच्या बळावर दिवे वर उचलले. सुरुवातीच्या गाड्यांत नळीला गळती लागली की पापणी जड व्हावी तसा दिवा खाली येई. १९६३च्या 'कॉर्व्हेट'ने विजेच्या मोटरी लावल्या. तिचे दिवे आडव्या आसाभोवती, कोलांटी घ्यावी तसे फिरत. १९६८मध्ये जर्मनीच्या ओपेल कंपनीची 'जीटी' विक्रीस आली. एर्हार्ड श्नेल यांच्या हाताखाली घडलेल्या या गाडीने आणखी वेगळी तऱ्हा काढली. तिचे दिवे गाडीच्या लांबीला समांतर असलेल्या आसाभोवती, झोपेत कूस बदलावी तसे गरकन वळतात. आणि गंमत अशी की दोन्ही दिवे एकाच दिशेला वळतात. त्यासाठी ना मोटर, ना निर्वात नळी. गिअरच्या दांड्याजवळ एक जाड तरफ, तिच्यापासून पुढे गेलेली केबल आणि दोन दिव्यांना जोडणारा दांडा, एवढाच संसार. तरफ जोराने ढकलली की दिवसभर पत्र्याच्या रंगाची पाठ दाखवणारे दिवे काचेचे तोंड पुढे करतात. १९७३पर्यंत अशा लाखाहून किंचित अधिक गाड्या निघाल्या.

खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. लोहाऱ्याच्या जीपचा दिवा एकदा पेचांनी पक्का केला की तो तेथेच राहतो. फिरत्या दिव्याला मात्र प्रत्येक रात्री त्याच जागी परत यावे लागते. म्हणून त्याचा रोख जुळवणाऱ्याला दोन कामे क्रमाने करावी लागतात. आधी फिरण्याची सीमा ठरवायची: मिटल्यावर दिव्याची पाठ पत्र्याशी सपाट बसली पाहिजे आणि उघडल्यावर तो आपल्या टेकूवर घट्ट टेकला पाहिजे. जोडदांड्याची लांबी त्यासाठी कमीजास्त करतात. ते झाल्यावरच भिंतीसमोर गाडी उभी करून वर-खाली आणि डावी-उजवीकडचे पेच फिरवायचे. हा क्रम उलटा केला, तर आज अचूक जुळलेला दिवा उद्या तरफ ढकलताच चुकतो, आणि दोष पेचांना दिला जातो.

चूक किती झाली म्हणजे बाधते? गणित साधे आहे. प्रकाशाचा झोत एका अंशाने वर गेला, तर ५० मीटरवर तो सुमारे ८७ सेंटिमीटर उंच जातो. रस्त्यावर पडायचा उजेड समोरच्या मोटारचालकाच्या चेहऱ्यापाशी पोहोचायला एवढे पुरते. 'कॉर्व्हेट'सारखा कोलांटी घेणारा दिवा अपुरा वळला, तर चूक अशी थेट वर वा खाली होते. ओपेलच्या कूस बदलणाऱ्या दिव्यात तीच चूक निराळे रूप घेते. झोताचा मध्य फारसा हलत नाही, पण सगळा झोत तिरका होतो. दिवा पाच अंश कलता राहिला, तर मध्यापासून ५ मीटर बाजूला उजेडाची कड सुमारे ४४ सेंटिमीटर वर चढते आणि दुसऱ्या बाजूला तितकीच उतरते. शिवाय दोन्ही दिवे एकाच दिशेने वळत असल्याने ते दोघेही एकाच अंगाला कलतात आणि एकाची चूक दुसरा सावरत नाही. आत बसलेल्याला रस्ता जरा वाकडा उजळलेला वाटतो, एवढेच. त्रास होतो तो बाहेरच्याला.

या बाहेरच्याची दखल आपल्याकडील कायद्यानेही घेतली आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली झुकलेला हवा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर एखाद्याचे डोळे असतील, तर ते दिपता कामा नयेत. नियमांच्या रुक्ष भाषेत येथे जणू एक माणूसच उभा केला आहे. त्याला नाव नाही, पण त्याच्या डोळ्यांची उंची मोजलेली आहे. आमच्या लहानपणी ट्रक-बसच्या दिव्यांचा वरचा भाग काळ्या रंगाने माखलेला असे. तो उपायही याच माणसासाठी होता.

लपणारे दिवे पुढे हळूहळू अस्तास गेले. १९८३मध्ये अमेरिकेने वेगळ्या आकारांच्या, बल्ब बदलता येणाऱ्या दिव्यांना परवानगी दिली. मग नाकाच्या वळणाबरहुकूम दिवा घडवता येऊ लागला आणि तो लपवण्याचे कारण उरले नाही. पादचाऱ्याला धडक बसली तर गाडीच्या तोंडावरचे कठीण, पुढे आलेले भाग घातक ठरू नयेत, हा विचारही नियमांत दृढ झाला. २००४मध्ये 'कॉर्व्हेट' आणि 'लोटस एस्प्रि' या दोन गाड्यांबरोबर ही परंपरा संपली. आज जुन्या गाड्यांचे शौकीन ती तरफ आणि तो जोडदांडा जिवापाड जपतात.

दिवा लपवण्याची गरज संपली, तरी तो नीट रोखण्याची गरज संपली नाही, हे आम्हांला येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते. हिवाळ्यात कापसाने भरलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या आणि सायकलीवरून घरी परतणारा मजूर या रस्त्यावर एकाच अंधारात चालतात. समोरून बाजारातून आणून बसवलेले पांढरेशुभ्र एलईडी येतात. त्यांची तीव्रता वाढली आहे, पण रोख कुणी भिंतीवर तपासलेला नसतो. काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तेवढ्या क्षणांत बैलगाडी दिसत नाही. ओपेलच्या मालकाला निदान हे ठाऊक असे की आपला दिवा हलणारा आहे, तेव्हा तो पुन्हा पुन्हा जुळवला पाहिजे. आपला दिवा जागचा हलत नाही, म्हणून तो बरोबरच आहे असे आपण गृहीत धरतो.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी जीपचा उजवा दिवा दोन बोटे खाली आणला, भिंतीपासून थोडे मागे सरून पाहिले आणि पेच घट्ट केला. मग आमच्या गाडीकडे पाहून म्हणाले, "तुमचाबी पाहू का सर?" आमचे दोन्ही दिवे रेघेच्या वर होते.