दारातलं कुत्रं आणि काळजातली पाण्याची गाठ



आजचं बोलणं इतिहासाचं आहे, पण सुरुवात आमच्या गटाच्या कर्जवहीपासून करतो. मागच्या वर्षी आमच्या बचत गटातल्या एका वहिनींना ऑपरेशनसाठी अंतर्गत कर्ज दिलं. दोन वर्षं त्यांना उजव्या बरगडीखाली जड जड वाटायचं. पित्त म्हणून गोळ्या झाल्या, उपासतापास झाले, अंगारे झाले. शेवटी सोनोग्राफीत दिसलं की काळजात, म्हणजे यकृतात, नारळाएवढी पाण्याची गाठ आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जननी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी कुत्रं आहे का?" वहिनी म्हणाल्या, "आहे, पण आमचं कुत्रं कुणाला चावत नाही हो."

आम्हीही तेच म्हटलं असतं. कुत्र्यापासून रोग म्हटलं की आपल्याला पिसाळणं आठवतं. त्याच्या पोटातल्या जंताचा आपल्याशी संबंध असेल, हे मनात येत नाही. या गाठीला हायडॅटिड म्हणतात. तिचा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि जेमतेम तांदळाच्या कणीएवढा असतो. एका कुत्र्यात असे हजारो असले तरी कुत्रं धडधाकट दिसतं. त्याच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडतात, गवताला, मातीला, कुत्र्याच्याच केसांना चिकटतात. ती शेळी-मेंढीच्या पोटात गेली की तिच्या काळजात नाही तर फुप्फुसात पाण्याचे फुगे धरतात. शेळी कापली, फुगे आलेला तुकडा कुत्र्यापुढे टाकला, की कुत्र्यात पुन्हा जंत तयार. माणसाच्या पोटात अंडी गेली तर आपली गत शेळीसारखीच होते. गाठ हळूहळू, वर्षानुवर्षं वाढत राहते.

हे फुगे लोकांना फार जुन्या काळापासून माहीत होते. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत पाण्याने भरलेल्या यकृताचा उल्लेख आहे. पण ते येतात कुठून, याचा पत्ता नव्हता. पुष्कळ विद्वानांना वाटे की असली गाठ शरीरात आपोआप उपजते. कुत्र्याचा जंत आणि मेंढीचा फुगा ही एकाच जिवाची दोन रूपं आहेत, हे फोन सीबोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने 1850 नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवलं. त्याने मेंढीच्या गाठी कुत्र्याच्या पिल्लांना खाऊ घातल्या, आणि पुढे पिल्लांच्या आतड्यात हेच बारीक जंत सापडले.

या शोधाचा खरा उपयोग झाला तो दूर उत्तरेकडच्या आइसलँड बेटावर. तिथे तेव्हा डेन्मार्कचं राज्य होतं. शेती फारशी नाही, सगळा संसार मेंढ्यांवर. मेंढ्या राखायला प्रत्येक घरी कुत्री. थंडी इतकी की माणसं आणि कुत्री गवताच्या ढेपांनी बांधलेल्या एकाच घरात राहायची. मेंढी घरीच कापायची, आणि आतलं नको ते कुत्र्यांना. जेवून झालं की भांडं चाटायलाही कुत्रंच. पोट फुगून, काविळीसारखं पिवळं पडून माणसं जायची. हा रोग तिथे इतका सर्रास होता की डेन्मार्कच्या सरकारने हाराल्ड क्राब नावाच्या जंतांच्या अभ्यासकाला 1863 साली मुद्दाम आइसलँडला पाठवलं. त्याने शंभर कुत्री चिरून तपासली. त्यांतल्या 28 कुत्र्यांत हा जंत होता.

क्राबने परत जाऊन मोठमोठे ग्रंथ लिहिले असतीलच, पण आम्हाला त्याची एक छोटी पुस्तिका महत्त्वाची वाटते. 1864 साली ती आइसलँडच्या भाषेत छापली आणि लोकांना फुकट वाटली. गाठ कशी होते, कुत्र्याला काय घालू नये, गाठी पुराव्यात किंवा जाळाव्यात, असा साधा मजकूर. त्या देशात वाचता येणारी माणसं पुष्कळ होती. हिवाळ्याच्या लांब रात्री घरातला एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे, त्यात बायका आल्याच, लोकर कातत, विणत ऐकायचे अशी तिथली रीतच होती. ही पुस्तिकाही अशीच ऐकली गेली असणार. म्हणजे मैत्रिणींनो, आपल्या या रेडिओसारखंच की. हातात काम, कानात बोलणं.

नंतर कायदे आले. 1869 चा कायदा कुत्री किती पाळावी याला आळा घालणारा होता, गाठी नष्ट करायची सक्तीही त्यात होती. 1890 च्या कायद्याने दर वर्षी कुत्र्यांना जंताचं औषध देणं बंधनकारक झालं. कालांतराने मेंढ्या कोवळ्या वयातच कत्तलखान्यात जाऊ लागल्या, त्यामुळे गाठींना पिकायला वेळच मिळेना. याचा फायदाही मोठा झाला, आणि तो कुणी ठरवून केलेला नव्हता. राजधानी रेक्याविकने तर 1924 मध्ये शहरात कुत्री पाळायलाच बंदी केली. परिणाम पिढीच्या हिशेबाने दिसला. 1860 च्या सुमारास जन्मलेल्यांच्या शवविच्छेदनात ही गाठ नेहमी सापडे. नव्या शतकात जन्मलेल्यांत ती जवळपास दिसेनाशी झाली.

आता गंमत बघा. एवढं सगळं झालं तेव्हा कुत्र्याला द्यायला धड औषध नव्हतं. त्या काळी युरोपात कुत्र्याच्या चपट्या जंतांवर काय द्यायचे? सुपारी! पानदानातलीच, कुटून पूड केलेली. श्रीवर्धनच्या रोठ्यावर जीव टाकणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगितलं तर खरं वाटायचं नाही. सुपारीत अॅरेकोलीन नावाचा अर्क असतो. तो 1888 मध्ये वेगळा काढला गेला. त्याने आतडं जोराने पिळवटतं, जंत बधिर होऊन त्याची पकड सुटते आणि जुलाबावाटे तो बाहेर पडतो. पण जंत मरतोच असं नाही. कुत्रं ओकतं, लाळ गाळतं, कापतं, आणि मात्रा चुकली तर दगावतं. आपल्याकडच्या शेंदरीच्या फळांवरची लाल पूडही जंतांसाठी वापरात होती. त्याच पुडीने रेशीम रंगवायचे. पळसपापडी आणि बाळाच्या दुधात उकळायचं वावडिंग तर आजीच्या बटव्यातलंच. म्हणून कुणी उठून कुत्र्याला सुपारी चारू नये बरं. ते दिवस गेले.

ते दिवस कसे होते याच्या खुणा न्यूझीलंडच्या खेड्यांत आहेत. तिथेही मेंढ्या अमाप आणि हाच रोग. 1959 मध्ये त्यांनी कायदा केला आणि गावोगावी कुत्र्यांना औषध पाजायच्या जागा बांधल्या. ठरल्या दिवशी शेतकरी आपापली कुत्री घेऊन यायचे, ओळीने बांधायचे. अॅरेकोलीन द्यायचं, कुत्र्याने पोट साफ करेपर्यंत थांबायचं आणि बाहेर काय पडलं ते तपासायचं. ज्याच्या कुत्र्यात जंत निघे त्याने घरी काय खाऊ घातलं, हे साऱ्या गावाला कळे! आमच्या मते निम्मं काम त्या लाजेनेच केलं असेल. 1970 च्या दशकात जर्मनीत प्राझिक्वांटेल तयार झालं आणि हे हाल संपले. ही गोळी चपट्या जंताला आतड्यातच मारते, कुत्र्याला त्रास जवळजवळ नाही. 2002 मध्ये न्यूझीलंडने हा रोग आपल्याकडून गेल्याचं जाहीर केलं.

गोल जंतांची कथा निराळी. ते कुत्रीच्या पोटात असतानाच पिल्लांत शिरतात, म्हणून पिल्लाला दोन आठवड्यांचं असल्यापासून औषध लागतं. त्यावरचं पायपरॅझीन हे मुळात सांधेदुखीच्या एका प्रकारावर देत असत. जंतांवर त्याचा गुण नंतर, 1950 च्या आसपास लक्षात आला. आता त्याहून चांगली औषधं आहेत. पण गोल जंताची गोळी चपट्या जंतावर चालेलच असं नाही. दुकानातून "जंताची गोळी द्या" म्हणून आणू नका, कुत्र्याचं वजन सांगून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

आमच्या गावात पहिला विचार आला तो सोपा होता. वहिनींच्या घरचे म्हणाले, कुत्रंच हाकलून देऊ. दोघा-तिघांनी गावातली सगळी कुत्री संपवायची भाषा केली. पण आमच्या गटातल्या निम्म्या घरांत शेळ्या आहेत. लांडग्याचा आणि चोराचा धाक आहे. कुत्र्याशिवाय रात्र कशी काढायची? आणि खरं सांगायचं तर जंत कुत्र्याने आणला नव्हता. जत्रेत बोकड कापला की फुगे आलेलं काळीज "खराब आहे" म्हणून मुलाणीकाका बाजूला फेकायचे, आणि आमच्यातलीच एखादी ते उचलून कुत्र्याला घालायची. वाया का घालवा म्हणून. आम्ही सगळ्यांनी ते केलंय.

मग बैठक बोलावली. पशुसखी ताईंनी दवाखान्यातून डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, जंत कुत्र्यात शिरल्यावर साधारण सहा-सात आठवड्यांनी अंडी टाकू लागतो, म्हणून गोळी दर सहा आठवड्यांनी. गोळीने जंत मरतो, अंडी मरत नाहीत, म्हणून गोळीनंतर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवायचं आणि त्याची घाण खोल पुरायची. आणि गोळी देऊन दुसऱ्या दिवशी कच्चं काळीज घातलं तर गोळीचे पैसे पाण्यात. एका आजींनी विचारलं, "शिजवून घातलं तर?" डॉक्टर म्हणाले, चांगलं उकळून घातलं तर चालेल, पण फुगे असलेलं पुराच.

यंदाच्या जत्रेआधी आम्ही देवळामागे पुरुषभर खोल खड्डा काढून घेतला. खर्च गटाच्या दंडाच्या रकमेतून. मुलाणीकाका आधी हसले, मग त्यांनीच वर ठेवायला फरशी आणून दिली. दिवसभरात तीन काळजांत फुगे निघाले. तिन्ही खड्ड्यात गेली. कुत्री फरशीभोवती हुंगत राहिली, एकाने तर उकरायला घेतलं, तेव्हा वरती आणखी एक दगड ठेवावा लागला.

वहिनी आता शेतात जातात. वजन उचलायला अजून मनाई आहे. त्यांच्या कर्जाचे सात हप्ते राहिलेत. त्यांच्या कुत्र्याची पुढची गोळी आपल्या मासिक बैठकीच्या दिवशीच येते, म्हणून त्याची तारीख आम्ही हप्त्याच्याच पानावर लिहून ठेवली आहे.