कारंजाचे शास्त्रदान आणि कर्करोगासाठीची सायकलफेरी

कर्करोगाच्या संशोधनासाठी सायकलफेरीत उतरायचे आणि त्यानिमित्ताने ओळखीच्यांकडून देणगी मिळवायची, ही रीत बाहेरून आली हे खरे. १९८० साली अमेरिकेत बिली स्टार या तरुणाने, कर्करोगाने आई गेल्यानंतर, ३६ सायकलस्वार जमवून बोस्टनच्या डॅना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी १०,२०० डॉलर उभे केले. त्याच वर्षी, त्याच हेतूने टेरी फॉक्स कृत्रिम पायाने कॅनडाच्या रस्त्यांवर धावला. म्हणून अशी फेरी म्हणजे परक्यांचे अनुकरण, असे कुणी म्हणेल. पण तिच्या मुळाशी असलेली भावना, म्हणजे ज्याचा लाभ आपल्याला दिसणारही नाही अशा ज्ञानासाठी पदरचे देणे, वाशिम जिल्ह्याला नवी नाही. याच जिल्ह्यातल्या कारंजाचा इतिहास त्याची साक्ष देतो.

कारंजा लाड येथे जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे आहेत आणि त्यांच्या भांडारांत हस्तलिखितांचा मोठा साठा जपला गेला. आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने शास्त्रदानही जैन परंपरेत श्रेष्ठ मानले जाते. श्रावक-श्राविका पैसे देऊन पोथ्या लिहवून घेत आणि मुनींना किंवा मंदिरांना अर्पण करीत. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा हा ठेवा अभ्यासकांपुढे आला. त्यानंतर कारंजाच्याच ग्रंथमालांत दहाव्या शतकातील कवी पुष्पदंताचा ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये प. ल. वैद्यांनी आणि ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये हिरालाल जैन यांनी संपादित केला. मराठीच्या पूर्वरूपांचा शोध घेणाऱ्यांना अपभ्रंश साहित्याचे हे दालन त्यामुळे खुले झाले. पोथीचे पैसे मोजणाऱ्या श्रावकाला ती पुढे कोण वाचील हे ठाऊक नव्हते. तरीही त्याने ते मोजले.

आजाऱ्यासाठी लोकांकडून निधी उभारण्याची वाट तर वऱ्हाडच्या संतांनीच घालून दिली. गाडगे महाराजांनी गावोगाव कीर्तने करून धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयातले कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग आजही उतरतात. तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगानेच गेले आणि नागपूरचे कर्करुग्णालय त्यांचे नाव चालवते. मात्र आपले दान बहुधा अन्न, निवारा आणि औषधापाशी थांबते. रोगाच्या कारणांचा शोध हे सरकारचे काम, अशी समजूत त्यामागे आहे.

येथे एक रास्त आक्षेप येतो. मंगरुळपीर किंवा मानोऱ्याच्या रुग्णाकडे नागपूरच्या गाडीभाड्याची भ्रांत असताना प्रयोगशाळेला पैसे कशाला? याचे उत्तर मुंबईतल्या एका अभ्यासात आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. थोडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या पातळ व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी करीत. ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली तेथे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी असल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. ही तपासणी खेड्यातल्या उपकेंद्रातही करता येते. म्हणजे गाडीभाडे नसलेल्या बाईच्याच उपयोगी पडणारा हा शोध आहे. आणि त्या अभ्यासाला पैसा पुरवला तो अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने.

दुसरा आक्षेप असा की, पैसे द्यायचेच तर सरळ द्यावेत, घाम गाळण्याचे सोंग कशाला? पण गाडगे महाराजांनी तरी देणगीच्या चिठ्ठ्या का धाडल्या नाहीत? मागणारा स्वतः कष्ट उपसतो, हे पाहिल्यावर देणाऱ्याचा विश्वास बसतो आणि विषय चारचौघांत बोलला जातो. कर्करोगाचे नाव घेणेही टाळणाऱ्या घरांत हे बोलणे देणगीइतकेच मोलाचे आहे. रक्कम लहान असेल, ही शंकाही टिकत नाही. स्टारच्या त्या फेरीची एकूण जमा आज शंभर कोटी डॉलरांच्या पुढे गेली आहे. अट एकच: जमलेल्या पैशाचा हिशेब जाहीर असावा आणि तो नेमका कोणत्या संशोधनाला गेला हे देणाऱ्याला कळावे. एवढी खात्री असेल, तर वाशिमकरांनी अशा फेरीत जरूर उतरावे आणि ज्यांना सायकल झेपत नाही त्यांनी देणगी द्यावी. पोथ्यांसाठी पैसा देणाऱ्या जिल्ह्याला संशोधनासाठी तो देणे जड जाऊ नये.