दहा पौंडांचें घर

इंग्लंडच्या दक्षिणेस ससेक्स परगण्यांत, ककमिअर नदीच्या कांठीं, अल्फ्रिस्टन नांवाचें खेडें आहे. तेथील सेंट अँड्र्यूच्या चर्चजवळ, हिरवळीच्या कडेस, चौदाव्या शतकांतील एक घर उभें आहे. त्याला ‘क्लर्जी हाउस’ म्हणतात. नांव पाद्र्याचें, पण मूळ घर एखाद्या सधन शेतकऱ्याचें असावें. लांकडी सांगाडा, त्यांत कुडाच्या भिंती आणि वर गवती छप्पर, असा त्याचा थाट. मधलें दालन थेट आढ्यापर्यंत मोकळें असून त्याची भुई खडूचा चुरा व आंबट दूध कालवून चोपलेली आहे. सारवलेली जमीन पाहिलेल्या मराठी माणसास याचें फारसें नवल वाटणार नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हें घर इतकें खचलें होतें कीं, तें पाडण्यास अनुमतीहि मिळाली होती. गांवचे धर्मोपदेशक रेव्हरंड बेनन यांस मात्र तें पाहवेना. त्यांनीं विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं स्थापिलेल्या प्राचीन वास्तुरक्षण संस्थेकडे धांव घेतली. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुने गिलावे खरवडून वास्तूस नवें रूप देण्याची तेव्हां मोठी हौस होती. मॉरिसचा त्यास कडवा विरोध होता. जें आहे तें सांवरावें, नवें जुन्यासारखें नटवूं नये, हा त्याचा आग्रह. पुढें १८९५ सालीं ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन झाला आणि १८९६ सालीं त्यानें हें घर अवघ्या दहा पौंडांस विकत घेतलें. ट्रस्टनें विकत घेतलेली ही पहिलीच वास्तु! किंमत नांवाचीच होती. खरा खर्च डागडुजीचा, आणि त्यासाठीं ट्रस्टच्या एक संस्थापिका ऑक्टेव्हिया हिल यांस लोकांपुढें हात पसरावे लागले.

कायदा या वेळीं कोठें होता? १८८२ च्या कायद्याची दृष्टि मुख्यतः प्रागैतिहासिक शिळांवर व मातीच्या टेकाडांवर होती. १९१३ च्या कायद्यानें तर राहत्या घरांस मुद्दामच वगळलें. इंग्रज गृहस्थाच्या उंबऱ्याआंत सरकारानें पाऊल टाकणें पार्लमेंटास रुचत नसे. म्हणजे जेथें चूल पेटत होती, तेंच घर निराधार! महायुद्धांतील बाँबवर्षावानंतर १९४७ च्या कायद्यानें घरांच्या याद्या पद्धतशीर होऊं लागल्या. परंतु एक घर यादींत आलें, तरी शेजारची भिंत, झाड, वळणाची गल्ली यांना कोण विचारणार? ती उणीव १९६७ च्या कायद्यानें भरून निघाली. एकट्या घराऐवजीं संबंध परिसरच ‘संरक्षित क्षेत्र’ ठरविण्याचा अधिकार स्थानिक मंडळांस मिळाला. १९७४ पासून अशा क्षेत्रांत घर पाडावयाचें तर परवानगी लागूं लागली, आणि झाड तोडावयाचें तर सहा आठवड्यांची पूर्वसूचना.

परवानगी नाकारणें मंडळाच्या हातीं आहे. गळकें छप्पर शाकारण्याचा खर्च मात्र बहुधा घरधन्याच्याच पदरीं येतो.