गोळी होती, पोचवणार कोण?

१९९२-९३ साली आपल्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर बालकं दगावली. कुपोषणानं गेली, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच. पण अशक्त लेकराचा जीव शेवटी बहुधा न्यूमोनिया, हगवण, हिवताप असा एखादा आजार घेतो.

न्यूमोनियावर तेव्हा स्वस्त गोळी होती, कोट्रायमोक्साझोल. तिच्यातलं ट्रायमेथोप्रिम अमेरिकेत जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून आलं. बाई म्हणून एलियनना आधी संशोधनाची नोकरी कुणी देईना. १९८८ साली दोघांना नोबेल मिळालं.

हे औषध करतं काय? जंतूंना वाढायला फोलेट लागतं. ते तयार करणारं एन्झाइम म्हणजे जंतूचं जातं समजा. दाण्यासारखा दिसणारा खडा त्यात अडकला, की दळण थांबतं. ट्रायमेथोप्रिम हा तसा खडा. माणसाच्या जात्यात तो सहसा अडकत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखून हे औषध द्यायला शिकवलं. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आकडे छापून आले. त्यांनी पाहिलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यू शंभरात एकाहून कमी. जिथं ही सोय नव्हती त्या गावांत शंभरात तेरा-चौदा.

म्हणजे वांगणीच्या आधीच वाट सापडली होती. म्हणून आम्ही म्हणतो, औषधाच्या इतिहासात एलियनबाईंइतकीच दायीही मोजा.

आज डॉक्टर बहुधा अमॉक्सिसिलिन देतात. बाळाला धाप लागली, श्वास घेताना छाती आत ओढली गेली, तर थांबू नका. लगेच आशाताईला हाक मारा, दवाखाना गाठा.