भयपट-झलकेचे शीर्षकरेखन

भयपटाच्या जाहिरात-झलकेतील (ट्रेलर) अक्षरे, त्यांची हालचाल, रंग व प्रकाश यांचे पूर्वनियोजन.

उगम : ‘सायको’ (१९६०) या चित्रपटासाठी सॉल बास याने आखलेल्या दुभंगणाऱ्या पट्ट्यांच्या श्रेयनामावलीने अक्षरांनाच अस्वस्थतेचे माध्यम बनविले. ‘एलियन’मध्ये (१९७९) तुटक रेषांतून नाव सावकाश जुळते, तर ‘सेव्हन’मध्ये (१९९५) काइल कूपर याने खरवडलेली, थरथरती अक्षरे वापरली (पहा : श्रेयनामावली). श्रेयनामावलीतील हीच अक्षरशैली झलकेच्या शीर्षकरेखनातही दिसते.

वैशिष्ट्ये : संकलनापूर्वी नमुनाचौकटी काढून रंगसंगती, अक्षरवळण व पोत ठरवितात. झलकेतील मजकूर पडद्यावर क्षणभरच राहत असल्याने शब्द मोजके ठेवतात. मुख्य शीर्षक बहुधा शेवटी, शांततेनंतर किंवा अखेरच्या दचक्याआधी येते. त्यामुळे त्याची वेळ ध्वनिरेखनाबरोबरच निश्चित करावी लागते (पहा : ध्वनिसंयोजन). देवनागरीत शिरोरेषा तोडणे, झिजविणे वा ओघळविणे शक्य असते. मात्र वेलांटी, अनुस्वार व जोडाक्षरे अशा विरूपणात चटकन हरवतात. रक्त ठिबकणारी अक्षरे हा जुना, आता बराच झिजलेला संकेत होय.

महत्त्व : झलक व चित्रपट यांची दृश्यशैली एकच असणे अपेक्षित असते. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटात सततचा पाऊस, कोकणी वाड्याचा काळोख, दिव्याचा पिवळा उजेड व गर्भगृहाचा मांसल लाल रंग हीच ओळख ठरली; छायालेखन पंकज कुमार यांचे होते (पहा : छायालेखन).